हॉलिवूडचे नट स्टुडिओ सोडून का जात नसत?

1930-40 च्या दशकातले एवढे मोठे नट नको असलेल्या भूमिका मुकाट्याने का करत, हा प्रश्न रास्त आहे. पैशासाठी, असं काहीजण म्हणतात. ते अर्धंच खरं. खरी मेख होती ती कराराची मुदत मोजण्यात.

करार सात वर्षांचा असे. पण तो पुढे चालू ठेवायचा की नाही, हे मधूनमधून ठरवायचा हक्क फक्त स्टुडिओला. नटाने चित्रपट नाकारला की त्याला बिनपगारी घरी बसवायचं आणि तेवढे दिवस कराराच्या शेपटाला जोडायचे! जो जास्त नकार देईल तो जास्त अडकणार. वर त्याच नटाला दुसऱ्या स्टुडिओला उसना देऊन जादा रक्कम स्वतः खिशात घालायची, हा जोडधंदा होताच.

नटी बेटी डेव्हिस 1936 मध्ये वैतागून इंग्लंडला निघून गेली. तिच्या स्टुडिओने, वॉर्नर ब्रदर्सने, तिला लंडनच्या कोर्टात खेचलं. ती हरली आणि परत त्यांच्याकडेच कामाला लागली. (पुढे भूमिका मात्र बऱ्या मिळू लागल्या, म्हणजे भांडण अगदीच वाया गेलं नाही.)

कोंडी फोडली वॉर्नरच्याच दुसऱ्या नटीने, ऑलिव्हिया डी हॅविलँडने. तिचा 1936 चा करार 1943 मध्ये संपला, तर वॉर्नर म्हणे अजून सहाएक महिने बाकी आहेत. ती कोर्टात गेली. वैयक्तिक सेवेचा करार सात वर्षांपलीकडे लादता येत नाही, असा कॅलिफोर्नियात कायदा होताच. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरवरची सात वर्षं, कामावर हजर असलेल्या दिवसांची बेरीज नव्हे, असा निकाल अपिलातही डिसेंबर 1944 मध्ये कायम राहिला. तोवर स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रं धाडून तिची कामं बंद पाडली होती. तरुण, चलतीच्या नटीने असं जवळजवळ दोन वर्षं घरी बसायचं, याला छाती लागते. सुटल्यावर तिने दोन ऑस्कर मिळवली.

स्टुडिओ युग 1948 च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालाने संपलं, असं सर्रास सांगतात. त्या निकालाने बड्या स्टुडिओंच्या हातून थिएटरं गेली, हे खरं. पण नटांच्या बाबतीत मी 1944 च मोठं मानतो. 1950 मध्ये नट जेम्स स्ट्युअर्टने युनिव्हर्सल स्टुडिओकडून ठोक मानधनाऐवजी नफ्यातला वाटा मागून घेतला, तो कुठल्याच स्टुडिओचा पगारी नोकर नव्हता म्हणूनच.