आधी चार पायांखाली माती दे

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या पाळलेल्या डुकरिणीनं गादी फाडली, भिंतीकडेची फरशी उचकटली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटऱ्यांना ढुश्या मारते आणि परवा आईच्या हाताला दात लावला. एवढं सगळं तीन पानं भरून लिहिलंस. ती उकरते कुठे, हे मात्र एका ओळीत नाही. मग लक्षात आलं, परसात सगळी शहाबादी फरशी आहे म्हणतेस. तिथंच सगळं आलं.

डुकराला नाक हाच हात. दिवसाचे कितीतरी तास ते नाकानं जमीन उलथत असतं, पोट भरलेलं असलं तरी. माती मिळाली नाही तर ते गादी उकरणार, गादी काढलीस तर भिंत, आणि भिंतही नाही मिळाली तर माणसाचे पाय. म्हणून आधी उकरायला जागा कर. दोन बाय दोनच्या बारा फरश्या काढल्यास की आठ बाय सहाचा चौकोन निघेल. दीड फूट खण. तुमच्याकडची काळी माती एकटी भरू नकोस. उन्हाळ्यात ती दगड होते आणि पावसाळ्यात चिकटा. निम्मी वाळू मिसळ. माती उघड्यावर शौचाला बसतात तिथली आणायची नाही. पट्टकृमीची अंडी माणसाच्याच विष्ठेतून डुकरात जातात. रोजच्या खाण्यातलं मूठभर धान्य या मातीत पुरून ठेव, दिवसातून दोनदा. घरमालक फरशीला नाही म्हणाला तर चार बाय तीनची, फूटभर काठाची लाकडी पेटी कर, तिच्यात नदीतले गोल गोटे भर आणि धान्य गोट्यांखाली टाक. गोटा तिच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठा हवा.

कुणीतरी तुला नाकात कडी घालायला सांगितलंय. घालू नकोस. कडी घातलेलं डुक्कर उकरत नाही, कारण उकरलं की दुखतं. इच्छा तशीच आत राहते. मी एकेकाळी या कडीला हो म्हटलेलं आहे आणि ते मला आजही बोचतं. डुकरांना उकरू देऊन अंगण नासवलं म्हणून लोक मला नावं ठेवतात. ठेवू देत. अंगण परत सारवता येतं.

आता चावण्याचं. हातानं भरवतेस ना? आजपासून बंद. हातातून खाणारं डुक्कर प्रत्येक हात हुंगतं, मग मागतं, मग चावून मागतं. खाणं फक्त परातीत किंवा मातीत. ढुशी मारायला आली तर तू मागे सरायचं नाहीस. अडीच बाय दोनची प्लायवूडची फळी गुडघ्यापुढे उभी धर आणि तिच्या खांद्याच्या बाजूनं शांतपणे पुढे चाल. ती दोन पावलं मागे सरली की थांब. नाकावर मारायचं नाही, ओरडायचं नाही. कळपात कोण कुणाला बाजूला सारतं यावरच त्यांचा मान ठरतो, आणि तुझ्या घरात सध्या सगळे तिला वाट देताहेत.

मादी आहे, आठ महिन्यांची. दर 21 दिवसांनी माजावर येते, त्या दोनतीन दिवसांत जास्तच बेफाम होत असेल. तारखा लिहून ठेव, दिसेल. नसबंदी करून घे. पाळीव माद्यांना म्हातारपणी गर्भाशयाच्या गाठी होतात, तेही टळतं. डुकराला भूल देणं नाजूक काम आहे, त्यामुळे डुकरांवर हात बसलेलाच डॉक्टर पाहिजे. सांगलीत कुणी मिळालं नाही तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी कर. क्लासिकल स्वाईन फिव्हर या डुकरांच्या तापाची लस आणि जंताचं औषध त्याच वेळी विचार.

खाण्यात तुम्ही लाड केलेत. तीस किलोच्या जनावराला दिवसाला साडेचारशे ते सहाशे ग्रॅम कोरडं वराहखाद्य पुरे, दोन वेळा मिळून. वर दुधी, काकडी, पालेभाजी, लसूणघास. म्हशीची सरकी पेंड देऊ नकोस, तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य डुकराला बाधतं. सोयाबीन कच्चं नको. बेदाणे नि द्राक्षं दारात पिकतात म्हणून वाटीवाटीनं नकोत, चार मणी बस्स. हॉटेलचं खरकटं तर अजिबात नको. आफ्रिकन स्वाईन फिव्हर हा डुकरांचा दुसरा, वेगळा ताप खरकट्यातूनही पसरतो आणि 2020 पासून तो आपल्या देशात आहे. फरसाण, लोणचं बंद. पाणी दिवसरात्र समोर हवं. मीठ खाल्लेलं, तहानलेलं डुक्कर फिटस् येऊन मरू शकतं. पाण्याची परात कधी कोरडी पडलीच तर एकदम बादली ठेवू नकोस, थोडं थोडं पाज.

डुकराला माणसासारखा घाम येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तिला सावली आणि चिखल दोन्ही लागतात, म्हणजे पुन्हा तीच माती. एका कोपऱ्यात पाणी सोडलं की झालं. तोंड उघडून धापा टाकू लागली तर पोटावर नि पायांवर साधं पाणी ओत, बर्फाचं नको. ताप 104 फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरला फोन. घरातल्या गुळगुळीत फरशीवर पोती नाहीतर जुनी सतरंजी अंथर, पाय फाकून सांधा निखळतो.

विकणाऱ्यानं 'एवढीच राहील' सांगितलं असेल. डुकरं पुरती वाढण्याआधी, काही महिन्यांची असतानाच वितात, त्यामुळे लहानखुरे आईबाप दाखवणं सोपं असतं. वाढ तीन वर्षं तरी चालते आणि आयुष्य पंधरा वर्षांचंही असतं. महापालिकेत जाऊन परवानगीचं लेखी विचारून ये, शेजाऱ्यांनी तक्रार करायच्या आधी.

एक राहिलं. तुमचं घर कृष्णेच्या पट्ट्यात आहे. 2019 नि 2021 चा पूर तू पाहिलायस. पूर्ण वाढलेलं, किंचाळणारं डुक्कर ऐनवेळी होडीत चढत नाही. आत्ताच लोखंडी पिंजरा आण, दार उघडं ठेव, रात्रीचं खाणं आतच वाढ. पहिले आठ दिवस दार लावायचं नाही; मग मिनिटभर, मग पाच मिनिटं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आहे. पाणी 35 वर गेलं की पिंजरा टेम्पोत असायला हवा.

फरश्या कधी काढतेस ते कळव.