वाचकांचे प्रश्न : यष्टिरक्षकाने कर्णधार व्हावे का?

प्रश्न : माझा चौदा वर्षांचा मुलगा शाळेच्या संघाचा यष्टिरक्षक आहे. यंदा सरांनी त्यालाच कर्णधार केले असून तो सलामीलाही जातो. एवढ्या ओझ्याने त्याचा खेळ बिघडेल, असे घरात सगळेच म्हणतात. महेंद्रसिंह धोनी यांनी इतकी वर्षे हे कसे निभावले? – एक आई, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण ती कर्णधारपदापेक्षा सलामीच्या फलंदाजीची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

२ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे कर्णधार यष्टिरक्षकच होते. श्रीलंकेचे कुमार संगकारा ४८ धावांवर बाद झाले, ते युवराजसिंग यांच्या चेंडूवर धोनी यांनी घेतलेल्या झेलामुळे. नंतर ३ बाद ११४ अशा अवस्थेत धोनी स्वतः पाचव्या क्रमांकावर मैदानात उतरले आणि ७९ चेंडूंत नाबाद ९१ धावा करून सामना जिंकूनच परतले. पन्नास षटके यष्टींमागे उठबस करून झाल्यावरची ही खेळी आहे, हे मला विशेष वाटते.

आकडेही हेच सांगतात. धोनी यांची ९० कसोटींतील सरासरी ३८.०९ आहे, मात्र ज्या ६० कसोटींत त्यांनी नेतृत्व केले, त्यांत ती चाळिशीच्या पुढे जाते आणि २०१३ मधील चेन्नईची २२४ धावांची खेळीही त्याच काळातली आहे. कर्णधारपदाने त्यांची फलंदाजी खालावली नाही. याउलट संगकारा यांनी यष्टिरक्षण केलेल्या ४८ कसोटींत त्यांची सरासरी ४०.४८ होती, तर ग्लोव्हज उतरवून खेळलेल्या ८६ कसोटींत ती ६६.७८ झाली. ते वरच्या फळीत खेळत; धोनी कसोटीत बहुधा सहाव्या-सातव्या क्रमांकावर येत आणि तेवढ्यात पायांना विसावा मिळे. म्हणून सरांशी बोलून मुलाला पाचव्या किंवा सहाव्या क्रमांकावर पाठवण्याची विनंती करा. परभणीच्या उन्हात पूर्ण डाव बसून-उठून काढल्यावर दहा मिनिटांत पॅड बांधून नवा चेंडू खेळायला जाणे, हे चौदा वर्षांच्या पोरासाठी फार आहे.

नेतृत्वासाठी यष्टिरक्षकाची जागा मुळात सोयीची असते. फलंदाजाचे पाय कुठे हलतात, चेंडू किती वळतो, उसळी कमी झाली आहे का, हे त्याच्याइतके जवळून कोणालाच दिसत नाही. अडचण एकच, ती म्हणजे गोलंदाज दूर असतो. त्यासाठी मिडऑफला, म्हणजे गोलंदाजाजवळच्या जागेवर, एक समंजस उपकर्णधार ठेवावा आणि क्षेत्ररक्षण बदलण्याच्या हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

धोनी यांच्या तंत्राविषयी मात्र सावधगिरीने लिहितो. चेंडू येताच हात त्याच्यासोबत किंचित मागे न्यावेत, असे सगळे प्रशिक्षक शिकवतात आणि ते योग्यच आहे. धोनी फिरकीवर हात मागे जवळजवळ नेतच नसत. चेंडू घेणे आणि बेल्स उडवणे त्यांच्याकडे एकाच हालचालीत होई. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील त्यांचे १९५ यष्टिचीत बळी त्यातूनच आले. परंतु उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीच्या मैदानावर चेंडू कधी घोट्याशी राहतो, कधी छातीवर येतो. तिथे हात ताठ ठेवले, तर बोट दुखावणारच. तुमच्या मुलाने सध्या हात मऊ ठेवावेत, चेंडूच्या उसळीबरोबरच उठावे, आधी उठू नये, आणि ग्लोव्हजच्या आत सुती इनर घालायला विसरू नये.

प्रश्न : आपल्या मराठवाड्यातील कोणी धोनी यांच्या नेतृत्वाखाली खेळले आहे का? – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : होय. तुळजापूरचे वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादेत गुजरातविरुद्ध धोनी यांच्या नेतृत्वाखालील चेन्नईकडून आयपीएलमधला पहिला सामना खेळले. चेन्नई हरली, पण राजवर्धन यांनी ३६ धावांत तीन बळी घेतले आणि त्यांतला साई सुदर्शनचा झेल यष्टींमागे धोनी यांनीच टिपला.