फार्स म्हणजे सारण!

प्रश्न असा होता की 'चौकशीचा नुसता फार्स झाला' यातला फार्स कुठून आला, आणि त्याचा फारसी भाषेशी काही संबंध आहे का.

फारसीशी काहीच संबंध नाही. ते नाव इराणातल्या पार्स म्हणजेच फार्स प्रांतावरून आलं. आपला फार्स इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो फ्रेंचमधून, आणि मुळात लॅटिन 'फार्किरे' म्हणजे ठासून भरणे. फ्रेंच स्वयंपाकात आजही फार्स म्हणजे सारण, आणि भरलेले टोमॅटो म्हणजे 'तोमात फार्सी', म्हणजे आपलं भरलं वांगं तिकडे फार्सीच की!

आता सारण नाटकात कसं शिरलं? मध्ययुगात चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेच्या शब्दांमध्ये जादा ओळी घालत, कधीकधी तर चक्क लोकांच्या बोलीतल्या, त्या भरणीला हा शब्द वापरायचे. पुढे येशूच्या आणि संतांच्या कथांवरची मोठमोठी धार्मिक नाटकं व्हायला लागली, काही तर अनेक दिवस चालायची, मग लोकांना जरा हसवायला मध्ये छोटे विनोदी प्रवेश भरले जायचे आणि त्यांनाच फार्स म्हणायला लागले. १५४८ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने धार्मिक नाटकांवर बंदी घातली पण फार्स काही थांबला नाही, १७ व्या शतकातल्या मोलिएर या फ्रेंच नाटककाराने तर त्याच्याच जोरावर पुढे केवढं काम केलं.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे १५ व्या शतकातला 'मेत्र पातलँ'. पातलँ हा लबाड वकील एका कापडवाल्याकडून उधारीवर कापड आणतो आणि तो पैसे मागायला घरी आला की मरायला टेकल्याचं सोंग करतो. पुढे त्याच कापडवाल्याची मेंढरं मारून खाणाऱ्या धनगराचं वकीलपत्र घेतो आणि त्याला शिकवतो की कोर्टात काहीही विचारलं तरी फक्त 'बेऽऽ' करायचं. कापडवाला कापड आणि मेंढरं यांचा असा गोंधळ घालतो की न्यायाधीश सारखा म्हणतो, आधी मेंढरांकडे या! (मुद्द्यावर या म्हणायला फ्रेंच लोक आजही 'आपल्या मेंढरांकडे येऊ' म्हणतात.) खटला जिंकल्यावर पातलँ फी मागतो तर धनगराचं उत्तर काय, बेऽऽ! साडेपाचशे वर्षं झाली तरी हे वाचताना मला हसू आवरत नाही.

मराठीत हा शब्द १९ व्या शतकातच रंगभूमीवर आला, पौराणिक नाटकाच्या शेवटी फार्स जोडायचे. पण गंमत बघा, नारायणराव पेशव्यांचा खून, अफझलखानाचा वध अशा गंभीर विषयांवरच्या गद्य नाटकांनाही तेव्हा फार्स म्हणत, म्हणजे विनोद असलाच पाहिजे असं नव्हतं. म्हणून फार्सला सरसकट 'प्रहसन' म्हणणं मला पटत नाही, प्रहसनात हसणं शब्दातच आहे, फार्समध्ये ते नंतर येऊन बसलंय.

चौकशीच्या फार्समध्ये मात्र सारणाचा अर्थ उरलेला नाही, तिथे फक्त पातलँचं सोंग शिल्लक आहे.