डिझेल तिप्पट येतंय ते जॉइनमुळे. डिस्टिंक्ट लावून सुटणार नाही

तुमचे प्रश्न दोन आहेत, पण मुळाशी गोष्ट एकच आहे. हर्णे बंदरातल्या मच्छीमार सोसायटीचा हिशेब तुम्ही एक्सेलमधून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आणलात. नौका, फेरी, विक्री आणि डिझेल अशी चार टेबलं केलीत आणि ती जॉइन केलीत, म्हणजे समान रकान्यावरून एकमेकांना जोडलीत. आता ऑक्टोबरच्या अहवालात विक्री "जवळपास बरोबर" दिसते, पण डिझेलचे लिटर पंपाच्या बिलाच्या कितीतरी वर गेलेत. शिवाय ज्या नौका त्या महिन्यात समुद्रात गेल्याच नाहीत, त्या अहवालातून गायब आहेत. "डिस्टिंक्ट लावू का?" असं विचारलंय, म्हणजे सारखे आकडे एकदाच धरायचे का. नका लावू.

एक्सेलवरून आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात जॉइन म्हणजे मोठा व्हीलूकअप (एक्सेलमध्ये दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी किंमत आणणारं सूत्र) असतो. तिथेच फसगत होते. व्हीलूकअपला पहिली जुळणारी ओळ सापडली की तो थांबतो. जॉइन थांबत नाही. डावीकडच्या एका ओळीला उजवीकडे पाच ओळी जुळल्या तर पाच देतो, एकही जुळली नाही तर साधा इनर जॉइन ती डावी ओळच टाकून देतो. पाच जुळल्या म्हणून तुमचं डिझेल फुगलं, एकही जुळली नाही म्हणून नौका गेली. त्यामुळे क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहायच्या आधी प्रत्येक जोडीसाठी एकच प्रश्न विचारायचा: इकडच्या एका ओळीला तिकडे जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती ओळी असू शकतात?

तुमच्याकडे एका नौकेच्या अनेक फेऱ्या. एका फेरीच्या विक्रीच्या अनेक ओळी, कारण लिलावात मासळी प्रकाराप्रमाणे आणि ढिगाप्रमाणे जाते. आणि त्याच फेरीच्या डिझेलच्याही एकापेक्षा जास्त पावत्या असू शकतात. विक्री आणि डिझेल यांचा एकमेकांशी थेट संबंध काहीच नाही, दोघंही फक्त फेरीला बांधलेले आहेत. अशी दोन टेबलं एकाच क्वेरीत फेरी क्रमांकावर जोडली की त्यांचा आपापसात गुणाकार होतो.

सोयीचे आकडे घेऊन बघू. फेरी १०१. विक्रीत तीन ओळी: सुरमई ४० किलो ५०० ने म्हणजे २०,०००, बांगडा १५० किलो १२० ने म्हणजे १८,०००, कोळंबी ३० किलो ३०० ने म्हणजे ९,०००. एकूण ४७,०००. डिझेलच्या दोन पावत्या, २०० आणि १०० लिटर. जॉइन केल्यावर ३ गुणिले २ अशा सहा ओळी तयार होतात. डिझेलची प्रत्येक पावती तीनदा येते, बेरीज ३०० ऐवजी ९०० लिटर. विक्रीची प्रत्येक ओळ दोनदा येते, बेरीज ९४,०००. ज्या फेरीला डिझेलची एकच पावती आहे, तिथे विक्री अगदी बरोबर येते आणि डिझेल मात्र विक्रीच्या जितक्या ओळी तितक्या पटीत फुगतं. तुमच्या बहुतेक फेऱ्या तशाच असणार, म्हणून विक्री "जवळपास" बरोबर वाटली. ती बरोबर नाही. तीही तपासून घ्या.

हे नुसतं अहवालापुरतं नाही. जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे विक्रीतून डिझेल, बर्फ, रेशन वजा जाऊन उरलेल्याचे वाटे पडतात. डिझेल तिप्पट लागलं तर खलाशाच्या हातात काय पडेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तांडेलासमोर (नौकेच्या प्रमुखासमोर) असा कागद ठेवलात तर तो एसक्यूएलचं कारण ऐकून घेणार नाही.

आता डिस्टिंक्ट. बेरजेसाठी सम(डिस्टिंक्ट लिटर) लिहिलंत तर वरच्या उदाहरणात ३०० येतील आणि तुम्ही खूश व्हाल. पण एखाद्या फेरीला १०० लिटरच्या दोन पावत्या असल्या की त्यातली एक गिळली जाईल आणि २०० चे १०० होतील. विक्रीतही तेच: बांगड्याचे दोन ढीग सारख्याच वजनाचे, सारख्याच दराने गेले तर एक हिशेबातून उडाला. डिस्टिंक्टला पावती कळत नाही, फक्त आकडा कळतो. जॉइननंतर ओळी जास्त आल्या म्हणून कुणी डिस्टिंक्ट लावलेलं दिसलं की मी ती क्वेरी पुन्हा पहिल्यापासून वाचतो.

खरा उपाय असा: आधी विक्रीची फेरीवार बेरीज करून एका फेरीला एक ओळ करा, डिझेलचंही तसंच करा, आणि मग जोडा. खाली क्वेरी वाचायला सोपी जावी म्हणून देवनागरीत लिहितोय. चालवताना मुख्य शब्द रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीत टाका. टेबलांची आणि कॉलमांची नावं देवनागरीत ठेवली तरी एसक्यूलाइटला चालतात. न, फ, वि, डि ही टेबलांची छोटी नावं आहेत. ग्रुप बाय गट पाडतं, ऑनमध्ये जोडण्याची अट असते आणि लेफ्ट जॉइन उजवीकडे काही जुळलं नाही तरी डावी ओळ ठेवतो.

विथ वि ॲज (
सिलेक्ट फेरी_क्र, सम(किलो * दर) ॲज रक्कम
फ्रॉम विक्री
ग्रुप बाय फेरी_क्र
),
डि ॲज (
सिलेक्ट फेरी_क्र, सम(लिटर) ॲज लिटर
फ्रॉम डिझेल
ग्रुप बाय फेरी_क्र
)
सिलेक्ट न.नौका_क्र, न.नाव, काउंट(फ.फेरी_क्र), सम(वि.रक्कम), सम(डि.लिटर)
फ्रॉम नौका न
लेफ्ट जॉइन फेरी फ
ऑन फ.नौका_क्र = न.नौका_क्र
अँड फ.निघाली >= '२०२४-१०-०१'
अँड फ.निघाली < '२०२४-११-०१'
लेफ्ट जॉइन वि ऑन वि.फेरी_क्र = फ.फेरी_क्र
लेफ्ट जॉइन डि ऑन डि.फेरी_क्र = फ.फेरी_क्र
ग्रुप बाय न.नौका_क्र, न.नाव;

यात वि आणि डि दोन्हीकडे एका फेरीला फार तर एक ओळ आहे, त्यामुळे फेरीच्या ओळी वाढायला वावच उरत नाही. उद्या बर्फाचं टेबल आलं तर त्याचाही असाच तुकडा वर करायचा आणि खाली एक लेफ्ट जॉइन वाढवायचा.

तुमचा दुसरा प्रश्न याच क्वेरीत सुटलाय, पण कुठे सुटलाय ते नीट बघा. लेफ्ट जॉइन तुम्हीही वापरला होता, तरी नौका गायब झाल्या, कारण तारखेची अट तुम्ही शेवटी व्हेअरमध्ये (जोडलेल्या ओळी गाळणाऱ्या भागात) टाकलीत. लेफ्ट जॉइन फेरी न गेलेल्या नौकेची ओळ ठेवतो आणि फेरीचे सगळे कॉलम नल (म्हणजे किंमतच नाही) ठेवतो. मग व्हेअर येतं आणि विचारतं, निघाली ही तारीख १ ऑक्टोबरच्या पुढची आहे का? नलची कशाशीही तुलना केली की उत्तर "हो" येत नाही, "नाही"ही येत नाही, "अज्ञात" येतं. आणि व्हेअर फक्त "हो" वाल्या ओळी ठेवतं. म्हणजे लेफ्टने राखलेली ओळ व्हेअरने फेकली, नाव लेफ्ट आणि काम इनरचं. उजव्या टेबलावरची अट ऑनमध्ये, डाव्या टेबलावरची व्हेअरमध्ये, असं ठेवलंत की बहुतेक वेळा निभावतं. आणि एकदा लेफ्ट सुरू केलात की त्याच साखळीतले पुढचे जॉइनही लेफ्टच ठेवा. मध्येच फेरीच्या कॉलमवर इनर घातला की पुन्हा तेच.

काउंट(*) न लिहिता काउंट(फ.फेरी_क्र) लिहिलंय तेही मुद्दाम. काउंट(*) ओळी मोजतो, त्यामुळे घरी बसलेल्या नौकेचीही एक फेरी दाखवेल. आणि नलच्या जागी सरसकट कोअलेस फंक्शनने शून्य टाकू नका, निदान या अहवालात तरी. नौका गेलीच नाही आणि नौका गेली पण हात हलवत परत आली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेऱ्यांचा कॉलम शेजारी असेल तर फरक कळतो, नसेल तर शून्यामागे दोन्ही लपतात.

फक्त न गेलेल्या नौकांची यादी हवी असेल तर हाच लेफ्ट जॉइन घेऊन शेवटी व्हेअर फ.फेरी_क्र इज नल लिहा. इथे व्हेअर योग्य जागी आहे. नॉट एक्झिस्ट्सनेही ("अशी ओळ नसेल तर") होतं, आणि मला तेच जास्त आवडतं, वाचताना हेतू लगेच कळतो. नॉट इन ("या यादीत नसेल तर") मात्र टाळा. फेरी टेबलात एका जरी ओळीत नौका_क्र रिकामा (नल) राहिला असेल, तर नॉट इनवाली क्वेरी एकही ओळ देत नाही, चूकही दाखवत नाही. सगळ्या नौका समुद्रात गेल्या असं समजून तुम्ही मोकळे.

तारखांबद्दल. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही, तुमच्या तारखा बहुधा मजकूर म्हणून पडल्यात. वर्ष-महिना-दिवस असा क्रम असेल तर मजकुराची तुलनाही बरोबर चालते. एक्सेलमधून ०६/१०/२०२४ अशा आल्या असतील तर वरची अट काहीही उत्तर देईल, आधी त्या बदलून घ्या. बदलताना दिवस आणि महिना उलटे झालेत का, ते पकडायला आपल्याकडे आयती चाळणी आहे. पावसाळी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात निघालेल्या यांत्रिक नौकांच्या फेऱ्या काढून बघा. ६ ऑक्टोबर उलटून १० जून झालेला असेल तर तो तिथे सापडेल. (खरोखरच कुणी गेला असेल तर तो विषय एसक्यूएलचा नाही.) सगळ्या उलट्या तारखा यात मिळणार नाहीत, पण सुरुवातीला हात घालायला बरी जागा आहे.

आता तुम्ही विक्रीला नौका जोडताना एका ठिकाणी नावावर जॉइन केलाय, तो काढा. किनाऱ्यावर एकवीरा आणि महालक्ष्मी किती असतील! शिवाय एकजण "एकवीरा" टाइप करतो, दुसरा "एकविरा". नावावर जोडलंत की एका एकवीरेची मासळी दुसरीच्या खात्यात जाते. नुसत्या न.नाव वर ग्रुप बाय केलंत तरी दोन्ही एकवीरा एक होतात, म्हणून वर नौका_क्र सोबत घेतलाय. देवनागरीत आणखी एक छुपी अडचण आहे: "ऱ" हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतं आणि "र" खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला वेगळे. शेवटी राहिलेली एक मोकळी जागाही अशीच नडते. मासळीच्या नावांचंही छोटं टेबल करा आणि विक्रीत फक्त क्रमांक ठेवा, नाहीतर म्हाकूल आणि माकूल ही एकाच मासळीची नावं वेगवेगळी मोजली जातील.

पंपाची महिन्याची यादी तुमच्या पावत्यांशी ताडायची असेल तर तिथे फुल जॉइन कामाला येतो: पंपाकडे आहे पण आपल्याकडे नाही, आणि उलट, दोन्ही एकाच क्वेरीत दिसतं. एसक्यूलाइटमध्ये राइट आणि फुल जॉइन २०२२ च्या ३.३९ आवृत्तीपासून आहेत, सोसायटीच्या लॅपटॉपवर जुनं काही असेल तर आधी आवृत्ती बघा. मायएसक्यूएलमध्ये फुल जॉइन नाही, तिथे दोन क्वेऱ्यांचे निकाल युनियन ऑलने एकाखाली एक जोडावे लागतात. राइट जॉइनची मला कधी गरज भासत नाही, टेबलांचा क्रम बदलला की लेफ्टच होतो. नॅचरल जॉइनपासून लांब राहा. तो सारख्या नावाचे सगळे कॉलम परस्पर जुळवतो. उद्या दोन्ही टेबलांत "नोंद_वेळ" कॉलम आला की न सांगता त्यावरही जोडेल आणि अहवाल रिकामा येईल. फ्रॉममध्ये स्वल्पविराम देऊन टेबलं लिहिण्याची जुनी पद्धतही सोडा. जॉइन आणि ऑन १९९२ च्या मानकापासून आहेत. स्वल्पविरामवाल्या पद्धतीत एक अट विसरली की प्रत्येक नौकेला प्रत्येक फेरी चिकटते आणि चूक काहीच दिसत नाही.

इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) चिंता तुमच्या आकाराच्या हिशेबाला नको. फॉरेन कीची, म्हणजे विक्रीतली फेरी खरंच फेरी टेबलात आहे का या तपासणीची, करा. एसक्यूलाइटमध्ये ती तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक वेळी कनेक्शन उघडल्यावर प्राग्मा फॉरेन_कीज हा पर्याय चालू करावा लागतो. तो बंद होता म्हणून अस्तित्वात नसलेल्या फेरीच्या नावावर विक्री नोंदली गेली असेल, आणि नौकेपासून सुरू होणाऱ्या कोणत्याही अहवालात ती कधीच दिसणार नाही. म्हणून ताळा असा करा: तारखेची अट काढून वरची क्वेरी चालवा, सगळ्या नौकांचे लिटर मिळवा, आणि नुसत्या डिझेल टेबलाच्या बेरजेशी लावा. अहवाल जास्त आला तर कुठेतरी अजून गुणाकार होतोय. कमी आला तर फेरी नसलेल्या पावत्या आहेत.

माझा अंदाज, तो कमीच येईल. कारण डिझेल एकदा भरून दोन-तीन फेऱ्या मारणाऱ्या नौका असतातच, आणि मग ती पावती कोणत्या फेरीच्या नावावर टाकायची हे नोंदवणाऱ्याला कळत नाही, तो रकाना रिकामा सोडतो. यावर जॉइनमध्ये उपाय नाही. सोसायटीने ठरवायला हवं: पावती फेरीची की नौकेची? नौकेची ठरली तर डिझेल टेबलात फेरी_क्र ऐवजी नौका_क्र आणि तारीख ठेवा, महिन्याची अट डि मध्ये घाला आणि तिथे नौका_क्र वर ग्रुप बाय करा. पण मग फेरी आणि विक्रीही आधी एकत्र करून नौकेला एक ओळ अशी करून घ्या आणि शेवटी नौकेला दोनच लेफ्ट जॉइन लावा. तसं न करता महिन्याचं डिझेल फेऱ्यांच्या ओळींना जोडलंत, तर जितक्या फेऱ्या तितक्या वेळा ते पुन्हा मोजलं जाईल.