फर्टिव्ह म्हणजे गुप्त नव्हे

मीनल, तुझा भाषांतराचा मसुदा वाचला. इंग्रजीतल्या ‘फर्टिव्ह ग्लान्स’ला तू ‘गुप्त दृष्टी’ केलंस. तो शब्द बदल गं. गुप्त तर मतदानही असतं, आणि त्यात कोणी दचकत नाही. फर्टिव्हमध्ये पकडले जाण्याची भीती आहे.

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत बघ. दुकानदार पाठमोरा झाला की एखादं पोरगं बरणीकडे हात नेतं, पण डोळे दुकानदाराच्या मानेवर. मान हलली की हात खिशात! ते डोळे फर्टिव्ह.

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘फुर’, म्हणजे चोर. आपणही ‘चोरटी नजर’, ‘चोरपावलांनी’ म्हणतोच की. दोन्ही भाषांना इथं चोरच आठवला, याचा मला फार आनंद होतो. तेव्हा बिनधास्त ‘चोरटी नजर’ लिही. क्रियाविशेषण आलं तर ‘चोरून’, ‘हळूच’. संदर्भ पाहून ठरव.

‘क्लँडेस्टाइन’ वेगळा. तो माणसाच्या नजरेला लागत नाही. बैठक, व्यवहार, लग्न यांना लागतो. त्यात आधी ठरवून केलेली लपवाछपवी असते. सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे कागद भाषांतराला घेशील तेव्हा अबकारीच्या प्रकरणांत ‘क्लँडेस्टाइन रिमूव्हल’ भेटेल: कर न भरता कारखान्यातून चोरून माल बाहेर काढणं. तिथं ‘हळूच’ लिहिलंस तर आरोपच पातळ होईल.

‘स्टेल्दी’त मात्र दोष असेलच असं नाही. ताडोबातला वाघ दबकत येतो, तो काही चोर नव्हे.

दुसरं पान दुरुस्त करून शनिवारी घेऊन ये.