सही केली, पण विचारायचं राहून गेलं

"ताई, सही तर करून बसलो. आता ती मागे घेता येते का?"

रुग्णांशी बोलून त्यांच्या शंका ऐकणं हे माझं काम. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकांनी हे विचारलं. वय सत्तरीच्या आसपास. पित्ताशयात खडे, पोटात तीनदा जीवघेणी कळ येऊन गेलेली, चार दिवसांवर दुर्बिणीचं ऑपरेशन. संमतीपत्रावर सही केली त्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नव्हता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्यांना विचारूनच लिहिते आहे.)

मी म्हटलं, "येते की. भूल देईपर्यंत कधीही येते. सही केली म्हणजे बांधले गेलात असं नाही."

सोबत आलेली मुलगी चपापली. "बाबा, डॉक्टर काय तुमचं वाईट करणार आहेत?" मग मी काहीही विचारलं की उत्तर तीच द्यायची. कळ कधी येते, किती वेळ राहते, सगळं तिला पाठ. काका मात्र मांडीवरची फाइल उघडत होते नि मिटत होते.

सही करण्याआधी कागद का नाही वाचला, असं मी काकांना विचारलं. म्हणाले, "वाचत बसलो असतो तर डॉक्टरांना वाटलं असतं, माझ्यावर विश्वास नाही. एकदा मन खट्टू झालं की मग ते मनापासून बघतील का?"

ही भीती मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तिचे शब्दही सारखेच वाटतात. शिकलेली माणसंसुद्धा हेच बोलतात. म्हणून मी नेहमी एक गोष्ट आवर्जून सांगते. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९८१ मध्ये लिस्बनला रुग्णांच्या हक्कांचा जाहीरनामा केला. आजाराची आणि उपचाराची माहिती मिळणं, उपचार नाकारता येणं, कुठल्याही टप्प्यावर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येणं, आपली खासगी गोष्ट गुप्त राहणं, हे सगळं त्यात आहे. ही संघटना रुग्णांची नाही, डॉक्टरांची आहे. प्रश्न विचारणं हा अपमान नव्हे, हे डॉक्टरांनीच लिहून ठेवलं आहे. काकांनी ते मला दोनदा सांगायला लावलं.

मग मी काकांना विचारलं, "आपण दोघंच थोडं बोललो तर चालेल का?" ते हो म्हणाले. मुलगी नाराज होऊन बाहेर गेली. मला तिची नाराजी कळत होती. पण आजार काकांचा होता आणि ते पूर्ण शुद्धीवर, पूर्ण भानावर होते.

दार लागल्यावर काकांनी चष्म्याचा डबा काढला. चष्म्याखाली गोळ्यांची अर्धी पट्टी होती, कात्रीने अशी कापलेली की औषधाच्या नावाची शेवटची दोन अक्षरंच उरली होती. "गुडघ्यासाठी. ओळखीच्या एकाने दिल्या. सहा महिने घेतोय. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, बाकी काही औषध नाही. तिला माहीतच नाही. मी गप्प राहिलो."

मला तिथे क्षणभर थांबावं लागलं. औषध ओळखणं माझं काम नाही. पण दुखण्यावरच्या कितीतरी गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो, एवढं मला माहीत आहे. ॲस्पिरिनचा रक्तातल्या प्लेटलेटवरचा परिणाम तर सात ते दहा दिवस टिकतो. ऑपरेशन चार दिवसांवर होतं.

मी सौम्यपणे पण स्पष्ट बोलले. "काका, डॉक्टरांनी तुमच्यापासून काही लपवू नये हा तुमचा हक्क. तसंच तुम्हीही त्यांच्यापासून काही लपवायचं नाही, ही तुमची जबाबदारी. गोळ्या, काढे, चूर्णं, कशाची ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, व्यसन, सगळं सांगायचं. सांगितलेलं औषध मधेच बंद केलं असेल तर तेही." मी स्वतः डॉक्टरांकडे धावत गेले नाही. काकांनीच सांगावं, आणि आजच सांगावं, असं आमचं ठरलं.

मला यात एक गोष्ट फार जाणवते. विचारायला जी भीती आडवी येते, तीच सांगायलाही येते. डॉक्टर रागावतील म्हणून माणूस प्रश्न गिळतो आणि त्याच घासाबरोबर गोळ्याही लपवतो. म्हणून 'हक्क मागताना जबाबदारीही पाळा' असं दटावून काही होत नाही. भीती हलली की दोन्ही आपोआप बाहेर येतं.

आम्ही एका कागदावर तीन प्रश्न लिहिले. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? दुसरा काही मार्ग आहे का? माझ्या वयाला यात धोका कोणता? शिवाय, शेवटी समजलं ते स्वतःच्या शब्दांत डॉक्टरांना म्हणून दाखवायचं, असंही ठरलं. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के माणूस तिथल्या तिथे विसरतो, असं यावरच्या अभ्यासांचा आढावा सांगतो. काकांनी मान हलवली. "मी तर सगळंच विसरलो होतो."

मुलीला आत बोलावलं. पट्टी पाहून ती आधी चिडली, मग रडली. "मला सांगायचं तरी!" काका एवढंच म्हणाले, "तू घाबरतेस." दोघंही एकमेकांना जपायला म्हणून गप्प होते.

डॉक्टर रागावले नाहीत. सगळेच डॉक्टर असे शांत राहतात असं मी म्हणणार नाही, घाईत तुटक बोलणारेही भेटतात. अशा वेळी "मला नीट समजलं नाही, कधी येऊ?" असं विचारावं, आवाज चढवू नये. इथे डॉक्टरांनी गोळी ओळखली, ती बंद करायला सांगितली आणि ऑपरेशन दहा दिवस पुढे ढकललं. खडा पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हेही त्यांनी चित्र काढून दाखवलं. ऑपरेशन करायचं हे काकांनी स्वतः ठरवलं.

दुसऱ्यांदा संमतीपत्र आलं तेव्हा मी तिथेच होते. काका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. 'गरज पडल्यास पोट उघडून' या शब्दांवर बोट थांबलं. नर्सने डॉक्टरांना बोलावलं. दुर्बिणीतून नीट दिसलं नाही किंवा रक्तस्राव झाला तर मोठा छेद घ्यावा लागतो, असं त्यांनी समजावलं. काकांनी ते आपल्या शब्दांत म्हणून दाखवलं, एक शब्द चुकला तो डॉक्टरांनी दुरुस्त केला. मग काकांनी मुलीकडे पेन मागितलं.