घर तुमचं, जागा पार्कची: फ्लोरिडातल्या ५५-प्लस वसाहतीत घर घेण्यापूर्वी

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझे पती ६६ वर्षांचे आहेत, मी ४९. बायपासनंतर ते निवृत्त झाले, माझं काम घरूनच चालतं. इथला प्रॉपर्टी टॅक्स आता झेपत नाही, म्हणून घर विकलं आणि फ्लोरिडात पिनेलास काउंटीतल्या एका ५५-प्लस पार्कमध्ये (५५ आणि त्यावरच्या वयाच्यांसाठीची मोबाइल होमची वसाहत) १९८७ सालचं डबलवाइड, म्हणजे कारखान्यात दोन भागांत बांधलेलं मोबाइल होम, पसंत केलं. किंमत १,१८,००० डॉलर, जागेचं भाडं महिन्याला ८४५. टोकन म्हणून २,००० दिले आहेत आणि शनिवारी सही करायची आहे. एजंट म्हणतो, भाडं फारसं वाढत नाही, प्रॉस्पेक्टस मागाहून मिळेल. आमचा वाशीत फ्लॅट होता, तिथेही जमीन सिडकोचीच होती, त्यामुळे जागा भाड्याची असल्याची भीती वाटत नाही. मुलगा २३ वर्षांचा आहे, नोकरी लागेपर्यंत आमच्याकडे राहील. आई दर हिवाळ्यात पुण्याहून येते. काही अडचण येईल का?

उत्तर: ताई, शनिवारी सही करू नका. घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या कागदावर तुमची पुढची वीस-तीस वर्षं अवलंबून आहेत, तो तुम्ही अजून पाहिलेलाच नाही.

आधी वाशीचं बोलू. सिडकोच्या जमिनीचा भाडेपट्टा मुळात ६० वर्षांचा, नोंदणी केलेला. पार्कमधला भाडेकरार साधारण वर्षावर्षाचा असतो. इथे तुम्ही विकत घेताय ते फक्त घर. फ्लोरिडात भाड्याच्या जागेवरच्या अशा घराचं टायटल गाडीसारखंच मोटार वाहन खात्याकडून मिळतं, त्याला सातबारा किंवा खरेदीखत नसतं. जागेबाबतचे तुमचे हक्क राज्याच्या मोबाइल होम कायद्यात, म्हणजे फ्लोरिडा स्टॅट्यूट्सच्या ७२३व्या प्रकरणात आहेत. हा कायदा बऱ्यापैकी रहिवाशांच्या बाजूचा आहे, पण त्याचा उपयोग वेळेवर कागद मागणाऱ्यालाच होतो.

तो कागद म्हणजे प्रॉस्पेक्टस. २६ किंवा अधिक लॉट असलेल्या प्रत्येक पार्कला तो तयार करून राज्याच्या संबंधित विभागाकडे दाखल करावा लागतो. भाडं कशाच्या आधारावर वाढणार, पाणी, कचरा, गवतकापणी यांचे पैसे कोण भरणार, कोणते कर तुमच्यावर ढकलता येतात आणि वसाहतीचे नियम काय, हे सगळं त्यात असतं. करारापूर्वी प्रॉस्पेक्टस दिला नाही, तर तो हातात पडल्यापासून १५ दिवसांपर्यंत भाडेकरार रद्द करण्याची मुभा भाडेकरूला आहे. पण या तरतुदीच्या भरवशावर सही करू नका. रद्द होतो तो जागेचा करार. घराचे १,१८,००० डॉलर तोवर विक्रेत्याच्या खात्यात गेलेले असतील, आणि घर तिथेच उभं असेल.

तुम्ही घर आधीच्या रहिवाशाकडून घेताय, म्हणून त्याच्या भाडेकराराची उरलेली मुदत तुम्हाला आपल्या नावावर घेता येते आणि त्याला मिळालेला प्रॉस्पेक्टसही तुम्हाला पुढे चालवता येतो. तेव्हा विक्रेत्याकडूनच त्याची प्रत मागा. ती जुनी, पिवळी पडलेली असली तरी चालेल, तीच हवी. त्याच्याकडे नसेल तर राज्याच्या विभागाकडून मिळवता येते.

आता ८४५ डॉलरचं. ही उरलेली मुदत संपली की पार्क मालक नव्या खरेदीदाराचं भाडं त्याला योग्य वाटेल तेवढं वाढवू शकतो. दोन अटी आहेत: वाढ तुम्ही राहायला येण्यापूर्वी तुम्हाला सांगितलेली असली पाहिजे आणि ती प्रॉस्पेक्टसला धरून असली पाहिजे. शेजारी आज काय भरतात यावरून तुमचं भाडं ठरत नाही. ‘आम्ही आपल्या नावावर घेतलेली मुदत संपल्यावर भाडं किती होईल?’ हा प्रश्न पार्कच्या मॅनेजरला आजच ईमेलने विचारा आणि उत्तरही ईमेलनेच घ्या. एजंटच्या तोंडी बोलण्याला कोर्टात काडीची किंमत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक वाढीसाठी ९० दिवस आधी लेखी नोटीस लागते आणि रहिवाशांना समिती नेमून वाटाघाटी, मग मध्यस्थी मागता येते. पण फ्लोरिडात भाड्याला आकड्याची कमाल मर्यादा नाही, हे मनात पक्कं धरा. भाडं परवडेनासं झालं तर घर उचलून दुसरीकडे नेऊ, हा विचारही सोडून द्या. डबलवाइड दोन तुकड्यांत सोडवून न्यावं लागतं, त्याला हजारो डॉलर लागतात, आणि १९८७ सालचं घर दुसरं पार्क घेईलच असं नाही.

पुढचं बोलणं अभद्र वाटेल, पण ते विचारणं माझं काम आहे. तुमच्या आधी तुमचे यजमान गेले, तर तुम्हाला तिथे राहता येईल का? सगळ्या पत्रात मला सर्वात जास्त काळजी वाटली ती याची, आणि नेमकं तेच तुम्ही विचारलेलं नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९९५ च्या कायद्याप्रमाणे ५५-प्लस वसाहतीतल्या वस्ती असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत निदान एक व्यक्ती ५५ किंवा त्याहून मोठी असावी लागते. यजमान ६६ चे असल्यामुळे आज तुमचं घर या हिशेबात बसतं. ते नसतील तेव्हा, तुम्ही ५५ च्या होईपर्यंत, बसणार नाही. कायदा तुम्हाला बाहेर काढायला सांगत नाही, कारण उरलेल्या २० टक्क्यांत पार्क तुम्हाला सामावून घेऊ शकतं. पण तसं करायला तो पार्कला भागही पाडत नाही. म्हणजे निर्णय पार्कच्या नियमांवर. काही ठिकाणी हयात जोडीदाराला राहू देण्याचा स्पष्ट नियम असतो, तर काही पार्क शंभर टक्के घरांत ५५ चाच आग्रह धरतात. तुमच्या नियमपुस्तिकेत हयात जोडीदाराबद्दल एक ओळही नसेल, तर मॅनेजमेंटकडून सहीशिक्क्याचं पत्र घ्या: पतीच्या पश्चात वयाचं कारण दाखवून तुम्हाला जागा सोडायला सांगणार नाही. असं पत्र द्यायला ते तयार नसतील, तर हे घर घेऊ नका. या मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही.

याच कारणाने टायटलही तपासा. डबलवाइडच्या दोन भागांची दोन वेगळी टायटल असतात. दोन्हींवर तुम्हा दोघांची नावं हवीत आणि नावांच्या मध्ये ‘ऑर’ हवं. फ्लोरिडाच्या कायद्यात ‘ऑर’ असेल तर एकाच्या पश्चात घर थेट दुसऱ्याचं होतं. ‘अँड’ असेल तर हस्तांतराला दोघांच्या सह्या लागतात, आणि एक जण नसेल तर त्याच्या वतीने सही करणाऱ्याला कोर्टातून अधिकार आणावा लागू शकतो.

मुलाचं अवघड दिसतं. पार्क बहुधा प्रत्येक कायम रहिवाशासाठी किमान वय ठरवतं, आणि २३ वर्षांचा मुलगा त्यात बसण्याची शक्यता कमी. पाहुणा म्हणून किती दिवस चालेल ते नियमांत असेल. तो महिनोन्‌महिने राहिला तर नियमभंगाची नोटीस तुमच्या नावाने येईल. त्याची सोय आधीच दुसरीकडे करा. आईंच्या वयाची अडचण नाही. व्हिजिटर व्हिसावर त्या सहा महिने राहिल्या तर पाहुण्यांची मुदत ओलांडली जाईल का, तेवढं पाहून घ्या. आणि वयाची अट घालायची सूट मिळाली म्हणून वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून अर्ज नाकारायची सूट कोणालाही मिळालेली नाही. तसं घडलं तर हडकडे (HUD, केंद्राचं गृहनिर्माण खातं) तक्रार करायला एक वर्षाची मुदत असते.

स्वयंपाकघराचे फोटो तुम्ही पाठवलेत, छानच आहे. आता त्याच्या कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला पाहा. तिथे, नाहीतर विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात, कारखान्याने चिकटवलेला डेटा प्लेटचा कागद असतो. घर कोणत्या विंड झोनसाठी, म्हणजे किती जोराच्या वाऱ्याच्या भागासाठी, बांधलंय हे त्यावर लिहिलेलं असतं. बाहेरून प्रत्येक भागावर हडची लाल धातूची पट्टी असते, तुमच्या घराला अशा दोन हव्यात. हडची बांधकामाची मानकं जून १९७६ पासून लागू झाली, पण १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळाने त्यांची उणीव उघडी पाडली आणि १९९४ मध्ये वाऱ्याचे निकष कडक झाले. पिनेलास काउंटी आज सर्वांत कडक अशा तिसऱ्या झोनमध्ये येते. १९८७ चं घर त्या निकषांच्या आधीचं आहे. ते बेकायदा नाही, पण विमा मिळेल का आणि कितीला, हे सहीपूर्वी लेखी कळायला हवं. २०२४ मध्ये हेलीन आणि मिल्टन ही वादळं दोन आठवड्यांच्या आत आली. घरात पाणी शिरलं होतं का, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्या. वादळासाठी घरं रिकामी करण्याचा आदेश निघाला की मोबाइल होममधल्या सर्वांना घर सोडावं लागतं, इव्हॅक्युएशन झोन कोणताही असो. बायपास झालेल्या माणसाला घेऊन रात्रीत कुठे जायचं, ते आतापासूनच ठरवून ठेवा.

पार्कची जमीन उद्या विकली गेली आणि मालकाने तिचा वापर बदलायचं ठरवलं, तर जागा सोडायला सहा महिन्यांची नोटीस मिळते. अशा वेळी पार्क विकत घेण्याची संधी कायद्याने रीतसर नोंदलेल्या रहिवासी संघटनेलाच मिळते, म्हणून तिथे अशी संघटना आहे का, हे दोन-चार शेजाऱ्यांना विचारा.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर तुमच्या वयाच्या बाईने रहिवाशांच्याच मालकीचं पार्क शोधावं. त्यात घराबरोबर सहकारी संस्थेचा शेअर घ्यायचा आणि भाड्याऐवजी देखभाल खर्च भरायचा. सुरुवातीला पैसे जास्त जातात, पण दरवर्षी दुसऱ्याच्या नफ्यासाठी भाडं वाढत नाही. पिनेलासमध्ये अशी पार्क आहेत. वयाचे नियम मात्र तिथेही वाचायचेच.

टोकनचं म्हणाल तर तुम्ही पाठवलेल्या कराराच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की पार्कने मंजुरी नाकारली तरच २,००० डॉलर परत मिळतील. तेव्हा विक्रेत्याला आजच कळवा की सहीची तारीख दोन आठवडे पुढे हवी आणि करारात एक अट जोडायची आहे: प्रॉस्पेक्टस, पुढच्या भाड्याचा आकडा, विम्याचं कोटेशन आणि हयात जोडीदाराबद्दलचं पत्र यांपैकी काहीही समाधानकारक नसेल, तर टोकन परत. तो तयार झाला तर पार्कमध्ये अर्ज करा. तयार नसेल, तर २,००० डॉलर सोडून द्या. सुधारित करार आला की सहीपूर्वी पार्कच्या नियमांसकट माझ्याकडे किंवा फ्लोरिडात परवाना असलेल्या दुसऱ्या वकिलाकडे पाठवा. पूर्ण कागद वाचल्याशिवाय अंतिम सल्ला कोणीही देऊ नये.